अक्कांची खळ आणि वन्संची शपथ

अक्का, तुम्हाला मांडी घालून मातीत बसवलं त्याला आज नऊ दिवस झाले. स्वामींनी कपाळाला भस्म लावलं, बेल वाहिला, आणि नळदुर्गातल्या बाया अशा रडल्या की प्रत्येकीची सख्खी आई गेली असावी. मी रडले नाही. कुणीतरी म्हणालं, धाकलीला धक्का बसलाय. धक्का कसला? सोळा वर्षं धाकटी जाऊ म्हणून तुमच्या हाताखाली काढली. तुम्हीही मरू शकता, एवढंच काय ते मला नवीन होतं.

गेलेल्या माणसाबद्दल बरं बोलावं म्हणतात. तुमच्याबद्दल बरं बोलायला गल्लीभर बाया आहेत, त्यांच्यात माझी भर कशाला? मी जे बोलणार आहे ते आपल्या दोघींनाच ठाऊक होतं. तुम्ही असताना ते बोलायची माझी छाती झाली नाही. आता तुम्ही मध्येच तोडून टाकू शकत नाही, तर ऐका.

तुमचं एक वाक्य मी लग्न होऊन आले त्याच वर्षी ऐकलं. भाजी निवडता निवडता तुम्ही म्हणाला होतात, "तीन बाळंतपणं झाली, तिनी लेकरं गेली. चौथ्याच्या आदी मालक गेलं म्हनून म्या जगले, पारू." नवरा मेल्याचं असं कारण सांगणारी बाई मी पाहिली नव्हती. पुढं माझी तीन झाली. तिसऱ्या वेळी रक्त थांबेना, तेव्हा सर्व्हिस मोटारीत माझं डोकं मांडीवर घेऊन तुम्ही मला सोलापूरला नेलंत. डॉक्टरीणबाई सांगत होत्या आणि मी पडल्या पडल्या ऐकत होते: ही वाचली, पण पुन्हा राहिलं तर खात्री नाही. मग त्यांनी कपाटातून एक विलायती नळी काढली. आत घट्टसर, पांढरट, चिकट औषध. नवऱ्याजवळ जायच्या आधी बाईनं आत लावायचं.

दुसरी बाई लाजून खाली बघत बसली असती. तुम्ही झाकण काढलंत, बोटावर घेतलंत, हुंगलंत आणि विचारलंत, "ह्येच्यात काय काय पडतंय?" डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, डिंक, ग्लिसरीन आणि आंबट. आंबटात पुरुषाचं बीज मरतं, डिंकानं ते जागेवर धरून राहतं, आणि आतली खाजखरूज, अंगावरून जाणं, तेही त्यानं आटोक्यात येतं. तुम्ही मान हलवलीत. भावजींचं, म्हणजे तुमच्या मालकांचं, दुकान किराण्याचं आणि जडीबुटीचं. डिंक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं कुठलं पोतं आलं असेल ते मला तेव्हाच दिसलं.

परत येताना करोडगिरीच्या, निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर शिपायानं ती नळी दाबून बघितली आणि दरडावलं, "क्या है ये?" तुम्ही पदर सावरून म्हणालात, "डोळ्याचं मलम हाय, साहेब. घालू का तुमच्या डोळ्यांत?" त्यानं नळी टाकून दिल्यासारखी परत केली. माझ्या पोटात टाके होते, हसताही येत नव्हतं. त्या दिवसापासून मी तुमची झाले. हे मी आजही नाकारत नाही. मी जिवंत आहे ती तुमच्यामुळं, आणि म्हणूनच पुढचं सगळं बोलणं जड जातंय.

विलायती नळी किती दिवस पुरणार? आणि एका नळीनं गावातल्या किती जणींचं भागणार? तुम्ही घरीच करायचं ठरवलंत. गोंद कतीरा भिजत घातला, लिंबं पिळली, डॉक्टरीणबाईंकडून बोरिकची पूड आणली. ग्लिसरीन काही दिवस मिळालं, मग लढाई पेटली आणि तेही बंद झालं. सोलापूरचा दुकानदार म्हणाला, आता त्याचा बॉम्बसाठी उपयोग होतो. तुम्ही म्हणालात, "त्येनला मारायला पायजे, आमाला जन्मायचं थांबवायला. सरकार आमचं कशाला ऐकतंय?" तरी तुम्ही तेरखेड्याच्या दारूकामवाल्यांकडं माणूस धाडलात. ते म्हणाले, आमच्या फटाक्यात असलं काही पडत नाही, बाई. मग तुम्ही जवस शिजवून बघितलं, कोरफड घोटून बघितली, मध घालून बघितला. मधाच्या खळीला मुंग्या लागल्या. बायांनी त्याला खळच म्हणायला सुरुवात केली होती, कपड्याला लावतात ती. अक्कांची खळ.

आणि प्रत्येक नवी खळ आधी कुणावर? माझ्यावर. एकदा तुम्ही तुरटी जास्त घातलीत. तीन दिवस मला बसवेना. मी कळवळून सांगायला आले तर तुम्ही विचारलंत, "आग कशी झाली? सुंठीवानी का मिरचीवानी?" मी म्हटलं, मिरची. तुम्ही म्हणालात, "वहीत लिव्ह. तुरटी निम्मी." एवढीच चौकशी. तुम्हाला कानडी वाचता यायचं, मराठी नाही. मी माहेरी सोलापूरला चार यत्ता शिकले होते, म्हणून वही माझ्या हाती. खळीचा हात तुमचा आणि अक्षर माझं, असं ते काम चाललं. हसूही व्हायचं. आमच्या ह्यांनी एकदा बरणीतली खळ टाचांच्या भेगांना लावली आणि चार दिवसांनी म्हणाले, ह्या मलमाचं दुकान टाका, लई गुणकारी हाय. आपण दोघी मागच्या परसात तोंडात पदर कोंबून बसलो होतो.

सोमवारी दुपारी, पुरुष बाजारात असताना, बाया यायच्या. बाहेर नाव धुपणीच्या औषधाचं. ते नाव खोटंही नव्हतं, कितीतरी जणींचं अंगावरून जाणं त्यानं थांबलं, खाज गेली. पण ज्या छोटी चिनी बरणी पदराखाली झाकून न्यायच्या त्यांना काय हवं होतं ते तुम्हाला माहीत होतं. तुम्ही एकेकीला उभं करून विचारायच्या. लेकरं किती, गेली किती, पाळी कवा, नवरा रोज जवळ येतो का सणावाराला. लाजली तर खेकसायच्या. "पोरं काढताना लाजली न्हायस, आता लाजतीस व्हय?" मी लिहीत जायची. तुम्ही सगळं विचारलंत, अक्का. एक सोडून.

खळ करायच्या दिवशीचा तुमचा नेम मला पाठ आहे. कल्हईची कढई मी घासायची. आपल्याकडं भांडी राखेनंच घासतात. मग तुम्ही हळदीत बुडवून वाळवलेली फडक्याची चिंधी ओली करून कढईच्या आतून फिरवायच्या. चिंधी पिवळी राहिली तर ठीक. कुठं लाल झाली की त्या जागी राख राहिली. राखेनं आंबट मरतं, ही खूण तुम्ही स्वतः शोधून काढली होती, कारण खार लागून हळदीचं लाल कुंकू कसं होतं ते तुम्हाला दुकानामुळं माहीत होतं. एकदा कडेला बोटभर लाल डाग उमटला तर उलथन्याचा दांडा माझ्या मनगटावर बसला होता. "येवढीशी राख सगळी खळ नासवती, कळतंय का तुला? मग ती बाई मरंल आन् तुज्या नावानं मरंल." मनगट आठवडाभर निळं होतं. मी त्यानंतर कढई चार पाण्यांनी धुवायची.

आता वन्संचं.

नागव्वा वन्सं आपल्या दोघींच्या नवऱ्यांची एकुलती बहीण. दोन गल्ल्या सोडून दिलेली. पाच बाळंतपणं, त्यातली महादेवी आणि धाकटा मुलगा राहिलेले. पाचव्यानंतर त्यांचं अंग बाहेर यायला लागलं होतं. उकिडवं बसवत नव्हतं. तुम्हीच त्यांना सोलापूरला नेलंत आणि डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या, सहावं हिला घेऊन जाईल. परत आल्यावर तुम्ही पहिली बरणी त्यांच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "नागे, एक रात बी चुकवू नको." वन्सं शिस्तीच्या. सासूबाईंनी जे शिकवलं ते त्यांनी कधी मोडलं नाही. सकाळी इष्टलिंग तळहातावर घ्यायचं तर अंग निर्मळ हवं, म्हणून नवऱ्याजवळून उठलं की लगेच राखेच्या निवळलेल्या पाण्यानं धुवायचं, हे सासूबाईंनी लेकीला शिकवलं, तुम्हाला शिकवलं, मलाही शिकवलं. ही आपल्या घराची रीत. शेण्या आणि आघाडा जाळून ती राख वेगळी ठेवलेली असायची. तुम्हीही नवरा होता तोवर तेच केलं असणार. श्वास घेतो का, असं कुणी कुणाला विचारत नाही, तसं तुम्ही ते कधी विचारलं नाहीत.

सात-आठ महिने ठीक गेले. मग एका सोमवारी वन्सं आल्या आणि दाराशीच उभ्या राहिल्या. तुम्ही तोंडाकडं बघूनच ओळखलंत. परसात आठ-नऊ बाया होत्या, वन्संची सासूही गुडघ्याला तेल न्यायला आली होती. तुम्ही वन्संना आत नेऊन विचारू शकत होता. तुम्ही तिथंच विचारलंत.

"किती दिस झालं?"

"दोन म्हैने."

"लावत हुतीस का न्हाय?"

"लावत हुते, वैनी. रोज."

"रोज! मग ह्ये काय आभाळातनं पडलं? आळस केला असशील. झोप लागली असंल. सांग की, लाज कसली?"

वन्संनी गळ्यातलं लिंग सोडलं, तळहातावर घेतलं आणि सगळ्यांसमोर शपथ घेतली की एक रात्रही चुकवली नाही. आपल्यात याच्यापुढं दुसरी शपथ नाही. तुम्ही त्यांच्या हाताकडं बघितलंत आणि म्हणालात, "लिंग हातात घिऊन खोटं बोलतीस? माजी खळ खोटी का तू खोटी? खळ म्या केलीया." मग माझ्याकडं वळून म्हणालात, "पारू, लिव्ह. नागव्वा. लावलं न्हाय."

मी लिहिलं. वन्सं माझ्याकडं बघत होत्या आणि मी लिहिलं. शाई संपली, बोरू मोडला, काहीही सांगता आलं असतं. मला सुचलंच नाही.

त्या दिवसापासून वन्संच्या सासूनं त्यांच्या हातचं पाणी सोडलं. लिंगाची खोटी शपथ घेतलेली बाई, तिच्या हातचं कसं प्यायचं? नवरा वाईट नव्हता, पण आईपुढं त्याचं काय चालणार? पाणी महादेवी द्यायची, दहा वर्षांची पोर. गल्लीत वन्सं दिसल्या की बाया गप्प व्हायच्या. तुम्ही डोकावायच्या, नाडी बघायच्या, तूप-गूळ धाडायच्या. काळजी केलीत, नाही म्हणत नाही. मागं घ्यायचा एक शब्द मात्र तुमच्या तोंडून आला नाही.

नववा लागल्यावर वन्संनी मला बोलावून घेतलं. पाय हंड्यासारखे सुजलेले. माझा हात धरून म्हणाल्या, "पारू, वैनीला सांग, म्या येक रात बी चुकवली न्हाय. आईनं शिकीवलंय तसं धुनं बी येक दिस चुकवलं न्हाय. मंग आसं कसं झालं?" मी म्हटलं, सांगते. घरी येऊन तुम्हाला जसंच्या तसं सांगितलं. धुण्याचंही सांगितलं. तुम्ही गोंद निवडत होता. वर न बघता म्हणालात, "मरायला टेकली तरी हट्ट सोडत न्हाय." आठ दिवसांनी वन्सं गेल्या. बाळ आतच गेलं.

उत्तर त्यांनी स्वतःच्या तोंडानं दिलं होतं, अक्का. सगळं उत्तर त्या एका वाक्यात होतं. ते माझ्या कानांतून गेलं, तुमच्या कानांतून गेलं, आणि आपण दोघी गोंदातले खडे वेचत बसलो.

वन्संच्या मागं चार महिन्यांत आणखी दोघींना राहिलं. दोघी टापटिपीच्या, दोघी आपल्याच नात्यातल्या. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा गडबडलात. वही मला पुन्हा पुन्हा वाचायला लावलीत. कुणाला राहिलं, कुणाला नाही. राहिलं नव्हतं त्यांत सगळ्या गबाळ्या, आणि त्यांत पहिलं नाव माझं. तुम्ही माझ्याकडं रोखून बघितलंत. "तुला कसं काय न्हाय राह्यलं गं? तू तर सगळ्यांत आळशी." मी घाबरत घाबरत सांगितलं की मला झोप आवरत नाही, मी रात्री उठत नाही, सासूबाईंनी शिकवलेलं धुणं मी कधीच केलं नाही, सकाळी सरळ आंघोळ करते. मला वाटलं आता उलथनं पडणार.

तुम्ही उठलात. बशीत खळ घेतलीत, तिच्यावर राखेचं पाणी ओतलंत, बोटानं कालवलंत आणि हळदीची चिंधी टेकवलीत. ती कुंकवासारखी लाल झाली. मी तुमच्या तोंडाकडं बघितलं. तुमचं तोंड मी त्याआधी असं कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. कढईतली राख तुम्हाला दिसायची, त्यासाठी माझं मनगट फोडलंत. बाईच्या अंगावरची राख दिसली नाही, कारण ती तुमच्या सासूनं सांगितलेली होती. मी आळशी म्हणून वाचले. वन्सं नेमाच्या होत्या, त्या गेल्या.

मी म्हटलं, "वन्सं खरं बोलत होत्या, अक्का."

"व्हय."

"उद्या त्यांच्या सासूकडं जाऊ. चारचौघांत सांगू."

तुम्ही बशी धुतलीत, पालथी घातलीत, मग बोललात. ते बोलणं मला अजून शब्दानं शब्द आठवतं. "पारू, आज तीस-बत्तीस जनी बरनी नेत्यात. अक्काच्या चुकीनं अक्काचीच ननंद मेली, ह्ये त्येनला कळलं तर उद्या कोन बरनी उचलंल? समद्या उकिरड्यावर टाकतील. मग मरतील त्या तू मोजत बस. नागी गेली. मेल्या बाईला बट्टा लागत न्हाय."

"तिच्या लेकीला लागतो," मी म्हटलं.

"चुलीचा जाळ कमी कर," तुम्ही म्हणालात.

पुढच्या सोमवारपासून तुम्ही प्रत्येकीला नवा नियम सांगितलात: उजाडेपर्यंत धुवायचं नाही, राखेचं पाणी तर मुळीच नाही. का, ते सांगितलं नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "औषीद बदललंय." त्यानंतर फारसं कुणाला राहिलं नाही. तुमची खळ चांगली होती, अक्का. ती पहिल्यापासून चांगली होती.

आपलं भांडण तिथून पुढं संपलंच नाही. तुम्ही जिंकत होता असं नाही. मी हरल्यासारखं गप्प बसायची, एवढंच. एकदा मी म्हटलं, निदान वहीतलं ते खोडू द्या. "ऱ्हाऊ दे. वहीत खाडाखोड नगं." यातली गंमत तुमच्या लक्षात आली होती का? ती वही वाचता मलाच येत होती. मी त्या जागी काहीही लिहिलं असतं तरी तुम्हाला कळलं नसतं. सगळी क्रूरता तुमच्या पदरात टाकून मला मोकळं होता येईना, त्याचं कारण हेच. सात वर्षं ती ओळ माझ्या हाताखाली होती आणि मी ती खोडली नाही. मला तुमची भीती वाटायची म्हणून? का तुमचं म्हणणं मला पटलं होतं म्हणून? खरं सांगू का, जी चूक तुमच्या नावावर होती तिच्यात माझंही अक्षर होतं, ते कुणाला दिसू नये म्हणून.

महादेवी वयात आली. दोन चांगली स्थळं आली आणि गेली. दोन्हीकडून एकच निरोप, पोरगी झाक हाय, पन आईनं लिंगाची खोटी शपथ घेतली हुती म्हनं. शेवटी ईट गावच्या एका बिजवराला दिली, त्याची पहिलीची दोन लेकरं होती. लग्नात तुम्ही हातातल्या पाटल्या काढून तिला घातल्यात. सगळे वाहवा करत होते. मी तुमच्या मागं उभी होते आणि हळूच म्हटलं, "पाटल्या नको होत्या, अक्का. एक वाक्य पुरलं असतं." तुम्ही अक्षता टाकत राहिलात. ऐकू आलं होतं, कारण कानाची पाळी लाल झाली होती.

ताप चढला तेव्हा तुम्हाला कळलं होतं की आता उठणं नाही. चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही डोळे उघडलेत, मी जवळ होते, दुसरं कुणी नव्हतं. मी विचारलं, "काही सांगायचं राहिलंय का?" मला तुमच्याकडून नागव्वा हा एक शब्द हवा होता. बाकीचं मी माझ्या पदरचं जोडून घेतलं असतं. तुम्ही ओठ ओले करून घेतलेत आणि म्हणालात, "गोंद वला ठिवू नगंस. बुरशी येती." दुपारी गेलात. मेलेल्या माणसाचा राग करू नये म्हणतात. मला त्या क्षणी तुमचा असा राग आला की मी डोळे मिटायलाही पुढं झाले नाही, ते शेजारणीनं केलं.

तिसऱ्या दिवशी महादेवी ईटहून आली. कडेवर सात महिन्यांची पोर, गालांची हाडं वर आलेली. तुमच्या जागेपाशी बसून खूप रडली. तुम्ही तिला आईसारख्या, असं ती सगळ्यांना सांगत होती. दोन दिवसांनी मला परसात गाठून म्हणाली, "मामी, मला बी ती बरनी द्या. इतक्यात दुसरं नगं. माज्यात जीव ऱ्हायला न्हाय." मी बरणी भरली. तुमच्यासारखंच सांगितलं, उजाडेपर्यंत धुवू नको, राखेचं पाणी घेऊ नको.

"का वो? आईनं तर, लगीन झाल्यावर आज्जीची रीत पाळ म्हनून मला बजावून सांगितलं हुतं. उठलं की धुवायचं."

औषध बदललंय म्हटलं असतं तर ती बरणी घेऊन गेली असती. तुमचं वाक्य जिभेवर आलंही होतं. पण तिनं आईचं नाव खाली मान घालून घेतलं. सात वर्षांत त्या पोरीनं आईचं नाव मान वर करून घेतलेलं मी पाहिलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. कढई, चिंधी, बशी. तिच्या आईचं शेवटचं वाक्य.

ती पोरीला पाजत होती. पाजणं संपलं, तिनं पोरीचं तोंड पुसलं. मग विचारलं, "अक्कामामीला कवा कळलं?"

"तुझी आई गेल्यावर चार-पाच महिन्यांनी."

"आन् तुमाला?"

"त्याच दिवशी. मी तिथंच होते."

"माजं लगीन ठरायच्या आदी."

"हो."

तिनं पोलक्याची गाठ बांधली. "मग आता बोला," म्हणाली. "जितं आईला खोटी केली, तितंच बोला."

काल सोमवार होता. बाया आल्या. महादेवी स्वतः जाऊन आजीला, वन्संच्या सासूला, हाताला धरून घेऊन आली. म्हातारीला आता नीट दिसत नाही. मी परसात उभी राहिले. बशीत खळ घेतली, राखेचं पाणी ओतलं आणि चिंधी सगळ्यांना दाखवली. मग वही उघडून ती ओळ वाचली आणि म्हटलं की हे खोटं आहे, हे अक्षर माझं आहे, नागव्वा वन्संनी खरी शपथ घेतली होती. त्या मेल्या त्या आमच्या चुकीनं, अक्कांच्या आणि माझ्या. म्हातारी एवढंच म्हणाली, "म्या तिच्या हातचं पानी सोडलं हुतं. शेवटाला पानी पानी करत हुती, तरी तिच्या जवळ म्या गेले न्हाय." मग ती भिंतीला धरून उठली आणि एकटीच निघाली. महादेवीनं तिला थांबवलं नाही.

आणि मग, अक्का, तुम्ही सांगितलं होतं तसंच झालं. एकेक बाई पुढं आली आणि बरणी ओट्यावर ठेवून गेली. कुणी रागानं नाही, अगदी हळूच, देवळात ठेवतात तशी. एक म्हणाली, आणि काय काय लपवलं असंल कुनाला ठावं. ती सहा लेकरांची आहे, तिला खोकला आहे, तिचं पुढं काय होणार ते मला आज सांगता येतं. संध्याकाळी मी मोजल्या, चौदा बरण्या. उरलेल्याही येतील. तुमचं गणित बरोबर होतं, मी तेव्हाही ते नाकारलं नव्हतं. ह्यातली एक जरी बाई बाळंतपणात गेली तरी ती माझ्या बोलण्यानं गेली, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. वन्सं तुमच्या गप्प बसण्यानं दोनदा गेल्या, हे माझं म्हणणं. दोन्ही खरं आहे आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नाही. तुम्ही असतात तर जाळ कमी कर म्हणाला असतात.

आज सकाळी महादेवी निघाली. मोटारीची वेळ झाली होती. पोर कडेवर घेऊन ती ओट्यापाशी थांबली, परत आलेल्या बरण्यांतली एक उचलली, झाकण काढून हुंगली, चिंधी मागून घेतली आणि आत बुडवून बघितली. पिवळी राहिली. बरणी तिनं पदरात बांधली. मला वाटलं, माफ केलं. मी पाया पडायला वाकले. हो, मी, मामी असून तिच्या पायाशी वाकले. तिनं पाय मागं घेतले.

"औषीद तुमचं चांगलं हाय, मामी," ती म्हणाली. "तुमीच चांगल्या न्हाय."